नातीचं विमान आणि दिघीची टेकडी

गेल्या फेब्रुवारीत मी माझ्या आईला उतरणारं विमान दाखवलं आणि सांगितलं, ही बघ तुझी नात चालली.

विमानातलं मला काही कळत नसतं तर गोष्ट वेगळी होती. पण आमच्या घराण्यात, भावकीत आणि कंपनीच्या बसमध्ये विमानाचा विषय निघाला की माना माझ्याकडे वळतात. वळतात म्हणजे, मीच त्या वळवून घेतो.

आम्ही मूळचे दापोडीचे. रुळांच्या अलीकडे घर, पलीकडे शेत, आणि शेतात आता तिसऱ्याच कुणाच्या तरी इमारती. शाळेत असताना आम्ही तिघं मित्र सायकली दामटत दिघीच्या टेकडीवर जायचो. तिथून लोहगावची धावपट्टी दिसायची. मधे तेव्हा इमारती नव्हत्या. बाभळी होत्या आणि वीटभट्ट्या होत्या. खिशात शेंगा घेऊन आम्ही एका कातळावर बसायचो आणि वर बघायचो. लढाऊ विमान निघालं की आधी ते दिसायचं आणि मग आवाज येऊन छातीवर आदळायचा. प्रवासी विमानं कमी. एक गेलं की दुसरं यायला इतका वेळ लागायचा की शेंगा संपून एकमेकांची टिंगलही संपायची.

विमान कुठून येणार आणि कुठे जाणार हे ओळखायची आमची एक रीत होती. भट्टीचा धूर बघायचा. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि वाऱ्याला तोंड देऊनच उतरतं. धूर लोहगावकडे झुकलेला असला, तर उडालेली विमानं आमच्या अंगावर येणार. धूर आमच्याकडे झुकलेला असला, तर उडणारी पलीकडे वाघोलीच्या बाजूला जाणार आणि आमच्या डोक्यावरून येतील ती फक्त उतरणारी. एवढं सोपं गणित. ते तिघांनाही यायचं. पण मला पुढची पायरी गाठायची होती. मी डोळे मिटून नुसत्या आवाजावरून विमान ओळखायला लागलो. एकदा बराच वेळ कान देऊन मी जाहीर केलं, "मालवाहू. चार पंख्यांचं. वजन भरपूर." डोळे उघडले तर खालच्या रस्त्यावरून रोडरोलर चालला होता. वजनाचा अंदाज बरोबर होता, हे मी मित्रांना पटवून द्यायचा प्रयत्न केला.

दुसऱ्या एका दिवशी आणखी जवळून बघू म्हणून मी दोघांना हवाई दलाच्या कुंपणापर्यंत नेलं. तिथल्या जवानाने आम्हाला बघितलं. पळून जायचं सोडून मी त्याला अदबीने विचारलं की पुढचं विमान कितीला आहे. त्याने तिन्ही सायकलींची हवा सोडली. दापोडीपर्यंत सायकली ढकलत आलो.

त्या दोघांतला एक आता राजगुरुनगरला असतो, दुसरा तळेगावला. विमान गेलं तर ते वर बघतही नसतील. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. मधे चाकणच्या बाजूला मोठा विमानतळ होणार, होणार, अशी बरीच वर्षं हवा होती. कंपनीच्या गच्चीवर कुठे उभं राहून विमानं बघायची ती जागा मी ठरवून ठेवली होती. विमानतळ काही आला नाही. गच्चीवर पाण्याची टाकी आली.

तर मुलीचं. तिला बंगळूरला नोकरी लागली. घरातून विमानाने जाणारी ती पहिली, आणि एवढ्या लांब एकटी राहायला जाणारीही पहिली. आईला तिच्या जाण्याचं वाईट वाटत होतं, पण घोर वेगळाच होता. आमच्या घरात रीत आहे. जाणाऱ्याच्या हातावर दही द्यायचं, आणि माणूस नजरेआड होईपर्यंत पाठ फिरवायची नाही. माझी बहीण एकदा सासरी निघाली तेव्हा तिची एसटी वळणाआड जायच्या आधीच आई चुलीवरचं दूध बघायला आत गेली. त्या वर्षी बहीण बाळंतपणात मरता मरता वाचली. याचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं आम्ही तिला हजारदा सांगितलंय. आई म्हणते, "नसंल." पण तेव्हापासून कुणी निघालं की ती दूध आधी उतरवून ठेवते.

विमानतळावर जाऊन तिचं भागणार नव्हतं. शेजारच्याला सोडायला ती एकदा गेली होती. "काचंच्या दारात शिपाई हुबा. माणूस आत गेलं की गेलं. इमान कुटलं न् काय कुटलं."

मी म्हणालो, "आई, काळजी करू नको. टेकडीवरून तुला तिचं विमान दाखवतो. पार ठिपका होईपर्यंत."

बायको म्हणाली, "अहो, फोनवर दिसतं सगळं. कुठलं विमान कुठे आहे ते."

"मला त्यासाठी फोन लागत नाही," मी म्हणालो.

मुलगी मैत्रिणीबरोबर कॅबने गेली. आजीने तिच्या हातावर दही दिलं. मग मी आईला आणि बायकोला गाडीत घालून दिघीला नेलं. आता आम्ही भोसरीला राहतो, त्यामुळे लांब नाही. टेकडी तशी जागेवर आहे. भट्ट्या गेल्या, त्यांच्या विटांच्या इमारती उभ्या आहेत. आईचे गुडघे गेलेले. बायकोने एक हात धरला, मी दुसरा, आणि तिला आमच्या जुन्या कातळावर आणून बसवलं. समोर इमारतींच्या फटीतून धावपट्टीचा तुकडा दिसत होता. तो मी असा दाखवला, जणू मीच बांधलाय.

वारा होता. आईचा पदर सारखा मागे, आमच्या बाजूला उडत होता आणि ती तो धरून धरून कंटाळली होती. भट्टीच्या धुराचं गणित ज्याला येतं त्याला पदराचंही यायला हवं. मी तिला म्हणालो, पदर खोच.

मुलीचं विमान सुटायची वेळ झाली आणि बरोबर त्याच वेळी आमच्या पाठीमागून एक विमान डोक्यावर आलं. मी हात वर केला. "हे बघ. चालली तुझी नात."

आई उठून उभी राहिली. "म्हागनं कसं आलं रं?"

"उडालं, वळसा घेतला, आणि आता चाललं."

"त्याची चाकं भायेर हायत."

"घेईल आता आत."

आई बघत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "आरं, ह्ये खाली चाललंय."

"आई, लांब गेलेलं सगळंच खाली गेल्यासारखं दिसतं. पृथ्वी गोल आहे."

पृथ्वी गोल आहे म्हटल्यावर तिने हात जोडले. ते विमान इमारतींच्या मागे जाईपर्यंत पापणी न हलवता उभी राहिली. मग नाक पुसलं, पाठ फिरवली आणि म्हणाली, "चला. ग्येली बाई नीट."

आम्ही तिला अलगद खाली आणलं, गाडीत बसवलं, आणि माझा फोन वाजला.

"पप्पा," मुलगी म्हणाली, "अजून गेटवरच बसलोय. विमान लेट होतं. आत्ता उतरलं. तेच आम्हाला घेऊन जाणारे. आजीला सांगा, रांग लागली की फोन करते."

फोन स्पीकरवर होता. बायको खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

आईला हसू येत नव्हतं. तिचा चेहरा उतरला होता. पोरगी निघायच्या आधीच तिने पाठ फिरवली होती. मी म्हणालो, "अगं, ती गेलीच नाहीये अजून, मग हे मोजायचंच नाही." तिने माझ्याकडे बघितलंही नाही. गाडीचं दार उघडलं आणि एकटीच टेकडी चढायला लागली. थोडी चढून गुडघ्यावर हात ठेवून थांबली. तेव्हा कुठे मी धावलो.

पुन्हा कातळ. पुन्हा वारा. आम्ही खूप वेळ बसलो. टपरीवरून चहा आणायला निघालो तर आई म्हणाली, "बस हितंच." ऊन खाली आलं. डोक्यावरून आणखी दोन विमानं उतरली आणि मी तोंडातून अक्षर काढलं नाही. बायकोने फोन उघडला होता. त्यात छोटी छोटी पिवळी विमानं सरकत होती. मुलीचा मेसेज आला, बसलो आम्ही, फोन बंद करतेय.

बायको आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "आई, तिकडे बघा. त्या पांढऱ्या बिल्डिंगच्या डाव्या अंगाला. आता पळायला लागलंय."

एक विमान फटीतून सुटल्यासारखं निघालं आणि आमच्याकडे पाठ करून वर चढायला लागलं. पलीकडे, वाघोलीच्या बाजूला. चाकं आत गेली ती मलाही दिसली. ते दक्षिणेला कललं, उन्हात एकदा चमकलं, मग ठिपका झालं. माझ्या डोळ्यांना ते संपलं तरी आई बघतच होती. बायकोने विचारलं, "दिसतंय अजून?" आई म्हणाली, "हाय." आणखी थोड्या वेळाने म्हणाली, "आता न्हाई."

तरीही ती जराशी थांबली. मग पदर खोचला, सुनेचा हात धरला आणि वळली. मी दुसरा हात धरायला पुढे झालो, तर तिने तो मागे घेतला.

"इतकी वर्सं आ वासून वर बघत व्हतास," ती म्हणाली. "येणारं कंचं आन् जाणारं कंचं, येवढं तरी शिकायचं व्हतंस."