टेबल बोलत नसतं

माझ्या कमरेला टेबल होतं. खरंखुरं टेबल. प्लायवूडची गोल फळी, मधोमध कमरेएवढं भोक, आणि फळीचे दोन अर्धे तुकडे. ते दोन्ही बाजूंनी आणून माझ्याभोवती मिटवले आणि मागं कडी लावली. फळीच्या कडेनं जमिनीपर्यंत पांढऱ्या साटीनची झालर. झालरीच्या आत चाकांची चौकट आणि माझे दोन पाय. वर चमकीची चोळी, उघडी पाठ, केसांत खोटा गजरा. फळीवर सरबताचे ग्लास मांडून झाले तसा इव्हेंटवाला मॅनेजर मागं सरकला, दाराचं तोरण सरळ बसलंय का बघावं तसं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "हसत राहायचं. कुणी काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. टेबल बोलत नसतं."

मी हसले. काय करणार होते? कडी मागच्या बाजूला होती. माझा हात तिथवर पोचत नव्हता.

लॉन आमच्याच गावातलं, चाकणच्या कंपन्यांना लागून. मोठा साखरपुडा होता. मला सांगितलं होतं की दारात उभं राहून गुलाबपाणी शिंपडायचं. कंपनीतल्या पोरी ब्रेकमध्ये असली कामं करतात. ब्रेक म्हणजे काय ते बाहेरच्याला समजावून सांगावं लागतं. आम्ही ठेकेदाराच्या पोरी, गाड्यांच्या वायरी गुंफायच्या लाइनवर. काही महिने सलग भरले की ठेकेदार घरी बसवतो, म्हणजे कायम करा म्हणायला तोंड उरत नाही. मग पुन्हा नवीन कार्ड, पुन्हा नवीन भरती. मधल्या दिवसांत पोट काही ब्रेक घेत नाही. बाप नाही. आई एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते. म्हणून गेले. तिथं पोचल्यावर चोळी हातात दिली आणि फळी दाखवली. तेव्हाच परत फिरायला हवं होतं, असं आता कुणीही म्हणेल. ज्याला ब्रेक माहीत नाही तो नक्की म्हणेल.

पाहुणे यायला लागले. बायका आधी दचकायच्या, मग एकमेकींकडं बघून हसायच्या. पुरुष दचकत नव्हते. ते आधी चोळीकडं बघायचे आणि मग ग्लासाकडं. समोर रांगेनं ग्लास मांडलेले, तरी एकानं माझ्या पोटाला चिकटलेलाच ग्लास निवडला आणि उचलायला भरपूर वेळ लावला. मी मागं सरायला बघितलं. चाकं लॉनच्या गवतात रुतलेली. मॅनेजर लांबून बोटानं ओठ ताणून दाखवत होता. हस म्हणून.

एका काठापदराच्या बाईसोबत एक लहान पोरगी होती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बराच वेळ बघितलं. मग आईला विचारलं, "ही खरी आहे का गं?"

आई म्हणाली, "हात नको लावूस. झालर मळेल."

लोक फोटो काढत होते. माझ्या खांद्याशी गाल आणून सेल्फी. मला कुणी विचारलं नाही. खुर्चीला कोण विचारतं? हळूहळू भरलेले ग्लास कमी झाले आणि उष्टे वाढत गेले. चोथा झालेली सुपारी, चुरगळलेले टिश्यू, कुणीतरी चघळून टाकलेली लवंग. मला तहान लागली होती. सरबत माझ्या नाकाखाली होतं. वाळ्याचा वास येत होता. एकदा हात पुढं गेला तर मॅनेजरनं मान हलवली. मी हात परत घेतला. मी घेतला तो हात परत. हे अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

आणि मग आप्पा आले.

आप्पा म्हणजे आमचे खोलीमालक. गावातलं जुनं शेतकरी घर. जमिनी कंपन्यांना गेल्या, राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी भाड्याच्या खोल्यांची चाळ बांधली आणि रस्त्याकडेला हे लॉन काढलं. परभणीकडून आलो तेव्हापासून आम्ही त्यांच्याच चाळीत. रोज सकाळी मी त्यांना सांगायची, आप्पा, पाणी बारीक येतंय. रोज ते म्हणायचे, बगतो. माणूस तोंडओळखीचा नव्हता, रोजचा होता.

ते दोन पाहुण्यांना घेऊन आले. हातात जेवणाचं ताट. माझ्याकडं बघितलं आणि थांबले. मला वाटलं, आता हे ओरडतील त्या मॅनेजरवर. आमच्या चाळीतली पोरगी आहे म्हणतील. मी चक्क हसायचं थांबवलं, बोलायला तोंड उघडलं.

"आगं, तू व्हय?" आप्पा म्हणाले. "झ्याक दिसतीस की. उभी ऱ्हा, हलू नगो."

आणि हातातलं उष्टं ताट त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. अर्धी जिलबी, मठ्ठ्याचा ओघळ, भातावर पुसलेली बोटं. ठेवलं आणि पाहुण्यांना घेऊन पुढं गेले. ते ताट कार्यक्रम संपेपर्यंत माझ्या छातीखाली होतं. त्यावर माशा बसत होत्या. मी हसत होते.

आईला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. कुणीतरी काढलेला व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर फिरला. आधी हसऱ्या इमोजी आल्या, मग संस्कृती आली. गावाची बदनामी. बाहेरून आलेल्या पोरींनी गावाचं वळण बिघडवलं. आपल्या लेकीबाळींनी काय शिकावं? तो ग्रुप मीही वाचत होते. ज्यानं पोटाजवळचा ग्लास उचलला होता त्यानंच सगळ्यांत लांबलचक मेसेज लिहिला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

दोन दिवसांनी आप्पा दारात आले. माझ्याकडं बघितलंच नाही, आईशी बोलले. लोकं बोलत्यात, आमाला गावात ऱ्हायाचं हाय, म्हैनाअखेर खोली मोकळी करा. शिवाय ग्रामसभेत ठराव येणार होता. असल्या कामाला जाणाऱ्या पोरींच्या घरांना गावात कुणी खोली द्यायची नाही.

आप्पा वळले तसं आईनं दार लावलं आणि माझ्यावर फुटली. "लोक काय म्हणायलेत माहितंय का तुला? कँटीनमधी बाया मला बघून गप व्हायल्यात." मग तिनं माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि सामान भरायला लागली. गावाकडून निघताना भरलं होतं तसंच, भांडी खाली, लुगडी वर. तिला पेटी भरताना बघून मला जो राग आला तो त्या संध्याकाळीही आला नव्हता. टेबल मी झाले होते. टेबल आणलं त्यांनी, लॉन त्यांचं, ताट त्यांचं. आणि पेटी आईनं भरायची?

त्या पेटीच्या तळाशी आईचं मतदान कार्ड होतं, माझंही. ते आप्पांनीच काढून दिलेलं. त्यांची सून सरपंचपदाला उभी होती तेव्हा त्यांनी चाळीतल्या एकूण एक भाडेकरूचं नाव गावच्या यादीत घालून घेतलं होतं. आपल्या चाळीची मतं आपल्या खिशात, असा हिशेब. मतदानाला जीपमधून नेलं, वडापाव दिला. आई तेव्हा बोटाची शाई चाळभर दाखवत फिरली होती. आता आपण इथले झालो म्हणाली होती.

इथले झालो होतो तर. ग्रामसभा मतदारांची असते. आप्पांनी हे करताना पुढचा विचार केला नव्हता. त्यांच्या लेखी भाडेकरू एक दिवस मत देतो आणि मग पुन्हा भाडेकरू होतो.

ग्रामसभा देवळाच्या मंडपात भरली. पुढं पुरुष, मागं भिंतीला धरून बायका. सरपंचवहिनी टेबलापाशी खुर्चीत, पदर सावरत. बाजूला आप्पा. खुर्ची सुनेची, तोंड सासऱ्याचं, हे गावाला नवीन नव्हतं. एकेकजण उठून बोलला. जिजाऊंचं नाव घेतलं, हात जोडले, आया-बहिणींची इज्जत म्हणाले. पुढच्या रांगेत त्या संध्याकाळचे बरेच चेहरे होते. मी एकेक ओळखत होते. टेबलाला डोळे असतात हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. मग आप्पांनी ठराव सांगितला आणि हात वर करा म्हणाले.

हात वर जायला लागले. मी उठले. आईनं माझी ओढणी धरली. मी ओढणी तिच्या हातात सोडून दिली.

पुढून कुणीतरी म्हणालं, "बाहेरच्यांनी बोलायचं न्हाई."

"मी बाहेरची नाही," मी म्हणाले. "माझं नाव यादीत आप्पांनीच घातलंय. त्यांना विचारा."

कुणीतरी खुदकन हसलं. माझं तोंड सुटलं होतं. मी विचारलं, त्या साखरपुड्यात टेबल मी होते, ते टेबल भाड्यानं कुणी आणलं? लॉन कुणाचं? फोटो कुणी काढले, ते ग्रुपवर कुणी टाकले? इथं बसलेल्यांतल्या कुणी कुणी माझ्यापुढचा ग्लास उचलला ते मी बोट दाखवून सांगू का? ठराव पोरींवर का, लॉनवर का नाही?

"खाली बस पोरी," आप्पा म्हणाले.

"नाही बसणार. माझ्यापुढं उष्टं ताट ठेवताना तुम्हीच म्हणाला होता, उभी ऱ्हा, हलू नगो. उभी आहे आप्पा. हलत नाही."

आप्पांनी सुनेकडं बघितलं. सुनेनं त्यांच्याकडं बघितलं नाही, ती माझ्याकडं बघत होती. आणि भिंतीकडून मंदाकाकू उठल्या. गावच्याच, आप्पांच्या भावकीतल्या, म्हशी राखणाऱ्या, कुणाला न भिणाऱ्या. म्हणाल्या, "पोरीनं खरं इच्यारलंय. आदी लॉनचं बोला. आमीबी त्या दिशी जेवलो तितं, आमीबी हासलो. आमाला लाज वाटाया पायजे."

मग बायका बोलायला लागल्या. एकदम, सगळ्या. लॉनवर असली टेबलं बंद करा, असा ठराव घ्या म्हणाल्या. पुरुष एकमेकांना गप करत होते आणि बायका गप होत नव्हत्या. शेवटी ठराव पुढच्या सभेवर ढकलला. माझ्यावरचाही आणि लॉनवरचाही. वहिनींनी कागदावर काय लिहिलं मला माहीत नाही. मी जिंकले असं काही झालं नाही. आप्पांनी खोली सोडायला लावलीच. मंदाकाकूंनी गोठ्याशेजारची पडवी साफ करून दिली, तिथं आम्ही राहतो. ठेकेदारानंही ब्रेकनंतर बोलावलं नाही. कुणाचा फोन गेला ते कळायला शहाणपण लागत नाही. आई अजून कधीकधी म्हणते, गप बसली असतीस तर? पेटी मात्र तिनं रिकामी करून गोठ्यात ठेवली आहे, पेंड भरायला.

मागच्या आठवड्यात लॉनवर कुणाचातरी वाढदिवस होता. टेम्पोतून पुन्हा त्या गोल फळ्या उतरल्या. मंदाकाकूंनी बायका गोळा केल्या आणि आम्ही गेटवर गेलो. वॉचमन आडवा आला, काकूंनी त्याला नावानं हाक मारून बाजूला केलं. आत एक पोरगी टेबलात अडकवून ठेवली होती. माझ्याहून लहान. काहीतरी पुटपुटली, भाषा आपली नव्हती. चोळी तीच. आमच्यातली एक बाई तिला बघून ओरडली, "लाज न्हाई वाटत का गं?"

मी वळले. त्या बाईला म्हणाले, पोरीला एक शब्द बोलायचा नाही. बोलायचं तर कडी लावणाऱ्याला बोल. ती बाई वरमली.

मी फळीवरचा एक भरलेला ग्लास उचलला आणि त्या पोरीच्या हातात दिला. तिनं आधी मॅनेजरकडं बघितलं. तोच मॅनेजर. मग तिनं ग्लास तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. तो धावत आला, "ओ मॅडम, टेबलाला हात लावू नका." मी तिच्या मागं गेले. कडी गंजली होती, नख तुटलं. पण उघडली.

आता आप्पांनी तक्रार दिली आहे. परवानगीशिवाय घुसलो, सामानाची मोडतोड केली. सामान म्हणजे काय ते मला चौकीतच विचारायचं आहे. उद्या बोलावलंय. मी जाणार आहे, माझ्या पायांनी. माफी लिहून दे, प्रकरण मिटवू, असा निरोप आला आहे. लिहिणार नाही. पुढच्या ग्रामसभेत लॉनचा ठराव मीच मांडणार आहे, आणि नाही मांडू दिला तर त्याच्या पुढच्या सभेत मांडणार आहे. त्या फळ्या या गावात जितक्यांदा उतरतील तितक्यांदा मी त्या गेटातून आत जाईन. पोरीच्या अंगाला हात लावू देणार नाही, तिला नाव ठेवू देणार नाही. आणि कडी मी उघडीन. सगळ्यांसमोर.