चौकशीची खिडकी

बहात्तर साली कर्जतच्या एस.टी. स्टँडवर नऊ नाथांपैकी तिघे हजर होते. कॅन्टीन मच्छिंद्र चालवायचा, नगर गाडीवर कंडक्टर गोरक्षनाथ होता, आणि ‘चौकशी’ अशी पाटी असलेल्या खिडकीत कंट्रोलर म्हणून कानिफनाथ बसायचा. उरलेल्या सहांची दुसऱ्या डेपोला बदली झाली असावी, असं मच्छिंद्रचं म्हणणं होतं.

कानिफनाथाचं वय बत्तीस. अंगात खाकी, कानावर पेन्सिल, आणि डोक्यात जिल्ह्यातल्या सगळ्या गाड्यांच्या वेळा. माणसाचा प्रश्न अर्धा बाहेर आला की ह्याचं उत्तर पूर्ण होऊन खिडकीबाहेर पडलेलं असायचं. गाडीचं उत्तर दिलं की वर मोफत सल्ला. दुष्काळाचं साल, त्यामुळे सल्ल्याला गिऱ्हाईकही भरपूर. गुरं छावणीत द्या, खडीच्या कामावर नाव घाला, पोराला बोर्डिंगात टाका, भावाशी भांडू नका. माणूस मान हलवून निघून जायचा. कानिफनाथाला वाटायचं, आपण त्याचं ओझं हलकं केलं. प्रत्यक्षात तो बिचारा मुतारी कुठं आहे हे विचारायला आलेला असायचा.

“साहेब,” चहाचा ग्लास खिडकीत ठेवताना मच्छिंद्र म्हणायचा, “साऱ्या तालुक्याची चौकशी तुमच्याकडं. तुमची कुनी करतं का?”

“माझी काय करायची? मी हितंच हाय की.”

“त्येच म्हन्तो मी. दोन वर्सं झाली, हितंच हाय.”

ह्यावर कानिफनाथ घड्याळाकडे बघायचा आणि कुठलीतरी गाडी लागल्याचं ओरडायचा.

दोन वर्षं झाली म्हणजे काय, तर त्याची बायको मनकर्णा दोन वर्षं माहेरी होती. अकोले स्टँडवर नोकरीला असताना लग्न जमलं होतं. तिचं माहेर तिकडंच, राजूरच्या वाटेवरच्या एका गावात. कर्जतला बदली झाल्यावर त्यांना मुलगी झाली. आठ महिन्यांची असताना ती तापानं गेली. त्यानंतर मनकर्णा तीन महिने ह्याच्याजवळ राहिली, आणि एके दिवशी ट्रंक घेऊन सकाळच्या गाडीत बसली. भांडण नाही, तंटा नाही. गाडीला घंटी ह्यानंच द्यायला लावली.

तेव्हापासून तो महिन्याला एक पत्र टाकायचा. ‘काळजी करू नये. प्रकृतीस जपावे. दुपारी झोपू नये. मन कामात रमवावे.’ पत्र कसलं, वेळापत्रकच. तिकडून कार्ड यायचं: ‘पत्र पोचले. आम्ही बरे आहोत.’ स्टँडमागच्या खोलीत तो ते कार्ड दोनदा वाचायचा. तेवढ्या मजकुराला दोनदा वाचायची गरज नव्हती, पण एकट्या माणसाला वेळ असतो. खोलीत ताटं दोन होती. एक रोज घासलं जायचं. दुसरं धूळ बसली म्हणून आठवड्यातून एकदा.

दिवाळी झाल्यावर कडूबाई यायला लागली.

स्टँडच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला खडी फोडायचं दुष्काळी काम चाललं होतं. दुपारच्या सुट्टीत ही म्हातारी तिथून उठायची आणि तशीच खिडकीशी यायची. केसांवर, भुवयांवर खडीची पांढरी भुकटी. रोज तेच विचारायची.

“कंट्रोलर, नगरची गाडी आली का रं बाबा?”

“आली आजी. बारा-चाळीसला.”

“पुंजाराम उतारला का?”

“न्हाई उतरला.”

“उंच हाय. डाव्या भिवईवर खोक हाय, लहानपनी बैलानं मारलेली. त्याला गूळ-शेंगदाने लई आवडायचे.”

“न्हाई उतरला आजी. आता उद्या बघा.”

“बरं,” म्हणून ती जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. कधी पुंजाराम लहानपणी विहिरीत पडला होता ते सांगायची, कधी त्याला शाळेत कसा पहिला नंबर मिळाला होता ते. कानिफनाथ मागं उभ्या असलेल्या माणसाकडं बघत “न्हाई उतरला” म्हणायचा.

महिनाभरानं त्याला राहवेना. प्रश्न आहे आणि उत्तर नाही, ही गोष्ट त्याला खिडकीत बसून सहन होण्यासारखी नव्हती. त्यानं गोरक्षनाथाला कामाला लावलं. गोरक्षनाथानं दुसऱ्या कंडक्टरला सांगितलं, त्यानं ऊसतोडीवाल्यांच्या ट्रकवरच्या ड्रायव्हरला. पंधरा दिवसांत पक्की बातमी आली. पुंजाराम प्रवरेकाठी एका कारखान्यावर तोडीला होता. बायकापोरांसकट. तब्येत चांगली. आईशी भांडून गेला होता, आणि परत येणार नाही असं त्यानं स्वच्छ सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी कडूबाई आली तेव्हा कानिफनाथ खिडकीत उभाच राहिला.

“आजी, तपास लागला! पुंजाराम सुखरूप हाय. पर त्यो काय येनार न्हाई. आता रोज खेप घालू नका. उन्हाचं उगं कशाला?”

म्हातारी डोळ्यांवरची भुकटी पदरानं पुसून म्हणाली, “बरं झालं बाबा.” आणि गेली.

“बघा,” कानिफनाथ मच्छिंद्रला म्हणाला, “याला म्हनतात चौकशी.”

त्यानंतर आठ दिवस कडूबाई आली नाही.

पहिले दोन दिवस त्याला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी बारा-चाळीसची आली तेव्हा त्याचं लक्ष आपोआप खडीकडं गेलं. आठव्या दिवशी त्यानं पाहिलं की गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या डाव्या भुवईकडं आपण बघतोय. तेव्हा खिडकीची फळी लावून तो स्वतःच खडीवर गेला.

कडूबाई ढिगाच्या सावलीला भाकरी सोडून बसली होती.

“आजी, रागावला व्हय?”

“न्हाई रं. रागवू कशाला?”

“मग येत न्हाई ते?”

“येऊन काय इचारू?” म्हातारीनं भाकरीचा तुकडा मोडला. “पुंजा कुटं हाय ते मला ठावं हुतं, कंट्रोलर. भांडून गेला तवाच ठावं हुतं. वस्तीवर त्याचं नाव काडलं की लोक तोंड फिरवत्यात. म्हन्त्यात, टाकून गेला त्याचं काय कौतुक सांगती? तुझ्या खिडकीवर पाटी हाय म्हनं, चौकशी. तिथं मला रोज एकदा त्याचं नाव घेता यायचं. तू त्येच बंद केलंस.”

कानिफनाथाच्या तोंडावर कुणीतरी फळी आपटल्यासारखं झालं. पण सवय वाईट. तो लगेच म्हणाला, “मग आजी, तुमी असं करा. त्याला एक पत्र…”

“आलास का पुन्ना!” म्हातारी खरोखरच हसली. “आरं, लहानपनी गोष्ट ऐकलीस का न्हाई कधी? गोष्ट ऐकनारा काय म्हन्तो?”

“हूं म्हन्तो.”

“मग हूं म्हन. सांगनारा रानात हिंडत असतो बाबा. मागून हूं आला की त्याला कळतं, हाय कुनीतरी मागं. तू तर म्होरं पळतोस आन् गाव आलं म्हनून सांगतोस.”

मग तिनं पुंजारामच्या भांडणाची गोष्ट सांगितली. कानिफनाथ भुकटीत मांडी घालून बसला आणि “हूं” म्हणत राहिला. वाटलं होतं त्यापेक्षा हे काम फार अवघड निघालं. दर दोन वाक्यांनी त्याच्या घशाशी एक सल्ला यायचा. एक गिळला की दुसरा. चौथा-पाचवा सल्ला गिळताना त्याच्या लक्षात आलं की हे सल्ले म्हातारीसाठी येतच नाहीत. ती सुनेबद्दल, नातवाबद्दल बोलायला लागली की ह्याच्या छातीत काहीतरी हलायचं, आणि ते हलू नये म्हणून हा घाईनं सल्ला शोधायचा. उत्तर दिलं की माणूस गप्प होतो. माणूस गप्प झाला की आपल्यालाही पुढचं ऐकावं लागत नाही. इतकी वर्षं लोकांचं ओझं हलकं करतोय म्हणून जी शेखी मिरवली, ती सगळी स्वतःला वाचवायची युक्ती होती.

मनकर्णा ट्रंक भरण्याआधीचे ते तीन महिने त्याला आठवले. ती रोज स्वयंपाक करता करता सुरुवात करायची, “अहो, त्या दिवशी सकाळी…” आणि हा तिथंच अडवायचा. “तुझा काय दोष न्हाई. इचार करू नको. दुसरं होईल.” तिचं ते वाक्य कधी पुरं झालंच नव्हतं. त्यानं होऊच दिलं नव्हतं, कारण ते वाक्य कुठं जाणार ते आपल्याला ठाऊक आहे, अशी त्याची खात्री होती. त्या दिवशी सकाळी पोरीला ताप होता, मनकर्णा म्हणाली होती नगरला नेऊ, आणि ह्यानं सवयीनं उत्तर दिलं होतं: “दोन-वीसच्या गाडीनं नेऊ. तोवर माझी ड्यूटी सुटते.” दोन-वीसची अगदी वेळेवर आली. पोर तेवढी थांबली नाही. ते वाक्य एकदा का पुरं झालं की मनकर्णा आपल्याला सोडायची ती कायमचीच, ह्या भीतीनं हा दोन वर्षं काळजी करू नये, दुपारी झोपू नये असं लिहीत बसला होता.

संक्रांतीनंतर त्यानं दोन दिवसांची रजा टाकली. मच्छिंद्र म्हणाला, “वहिनीला आना साहेब. हात हलवत परत येऊ नका.” त्यावर “हूं” म्हणून कानिफनाथ पहाटेच्या गाडीत बसला. नगर, संगमनेर, अकोले असं करत गावच्या फाट्यावर उतरला तेव्हा दुपार कलली होती.

मनकर्णा ओट्यावर तांदूळ निवडत होती. सासूनं पाणी दिलं, जावयाचं तोंड बघितलं आणि शेजारी काहीतरी काम निघाल्यासारखं करून ती निघून गेली.

“न्यायला आलात?” मनकर्णानं वर न बघता विचारलं.

वाटेत नऊ तास त्यानं ह्याच प्रश्नाची उत्तरं पाठ केली होती. त्यातलं एकही त्यानं दिलं नाही.

“न्हाई. आलो नुसता.”

ती खडे वेचत राहिली. तो बसून राहिला. मग तो म्हणाला, “मने, तू काहीतरी सांगत हुतीस. त्या दिवशी सकाळी, म्हनून.”

तिचा हात थांबला.

“आता काय त्याचं?”

“ते पुरं झालं न्हाई.”

तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. थट्टा तर करत नाही ना, हे बघावं तसं. मग सुपाकडं बघत ती बोलायला लागली.

“त्या दिवशी सकाळी तुमी गेल्यावर चांगुणानं दूध घेतलं.”

चांगुणा. पोरीचं नाव. त्याच्या आईवरून त्यानंच ठेवलेलं, आणि दोन वर्षांत त्यानं एकदाही न उच्चारलेलं.

“हूं,” तो म्हणाला.

“चांगलं वाटीभर घेतलं. माझं बोट धरून हसली. मला वाटलं, उतारला ताप. अकराची गाडी हुती नगरला. शेजारच्या बाई म्हनल्या, चल, मी येते संगं. मी म्हनले, नगं. दोन-वीसनं जाऊ, हे म्हनलेत तसं.”

त्याच्या घशाशी आलं: तुझा काय दोष न्हाई. इतकं पुढं आलं की दातांना लागलं. त्यानं ते गिळलं.

“हूं.”

“अकराची मी सोडली. तुमी न्हाई. तुमाला तर ठावंबी नव्हतं, तिला हसताना बघितलं म्हनून मी सोडली ते. ह्येच सांगायचं हुतं मला. मी सांगाया लागले की तुमी म्हनायचात, तुझा दोष न्हाई. अहो, काय झालं ते ठावं नसताना कसा न्हाई?”

ती रडली, पण फार नाही. दोन वर्षांत माहेरी रडून झालं असावं. रडला तो कानिफनाथ. आणि खाकी पँटवर घरचा सदरा घातलेला हा मोठा बाप्या ओट्यावर नाक पुसताना काही बरा दिसत नव्हता. त्याला इतके दिवस वाटत होतं, हिच्या जिभेवर आपल्यावरचा आरोप आहे. आणि ती बापडी स्वतःवरचाच घेऊन बसली होती, आणि ऐकायला कुणी नव्हतं. एका खोलीत राहून दोघांनी आपापली गाडी चुकवली होती.

“मला वाटायचं, तू मला दोन-वीसचं बोलशील,” तो कसाबसा म्हणाला.

“हूं,” मनकर्णा म्हणाली.

एवढंच. ‘न्हाई’ म्हणाली नाही, ‘तुमचाबी दोष न्हाई’ असंही म्हणाली नाही. त्यालाही ते तेव्हा नको होतं.

उन्हं ओट्यावरून खाली उतरली. तिनं सूप भिंतीला टेकवलं.

“परतीची गाडी किती वाजता हाय?”

राजूरहून येणारी चार-दहाला फाट्यावर येते, हे जिल्ह्यात ज्या माणसाला झोपेतही ठाऊक होतं, तो म्हणाला, “चौकशी करावी लागंल.”

मनकर्णाच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. “चार-धाची हाय,” ती म्हणाली. “उठा. चुकंल.”

ती काही ट्रंक भरायला आत गेली नाही. ‘येते’ म्हणाली नाही, ‘येणार नाही’ असंही नाही. त्यानंही विचारलं नाही. विचारणं त्याला आता पूर्वीइतकं सोपं वाटत नव्हतं. पण फाट्यापर्यंत ती बरोबर आली. अर्ध्या मैलाची वाट दोघं चालली. गाडीचा धुरळा लांबून दिसायला लागला तेव्हा तिनं विचारलं, “जेवता का येळंवर?”

‘हो, काळजी करू नये’ हे उत्तर तयार होतं. दर महिन्याला पत्रातून पाठवून पाठवून पक्कं झालेलं.

“न्हाई,” कानिफनाथ म्हणाला.

“हूं,” मनकर्णा म्हणाली.

गाडी थांबली, तो चढला. कंडक्टरनं ओळखून जागा दिली. खिडकीतून त्यानं मागं बघितलं तर ती अजून फाट्यावरच उभी होती, पदर धुरळ्यासाठी तोंडाला लावलेला. पुढं वळण आलं. शेजारची सीट संगमनेरपर्यंत रिकामीच होती.

“काय साहेब, तिकडचा दुष्काळ काय म्हन्तोय?” कंडक्टरनं विचारलं. “औंदा काय करावं लोकांनी?”

“ठावं न्हाई बाबा,” तो म्हणाला. “तूच सांग.”