कंदाचं डोकं पुरायला एकटीनं

...नळ सुटला की हे मोटर लावायचे, मी पाइप धरायची, आणि आठवड्याचं पाणी भरून झालं की मग चहा. त्या सकाळी दोन्ही कामं मीच करत होते. पाइप सारखा निसटत होता. तेवढ्यात पुण्याहून मुलाचा फोन. "आई, एकटीनं किती दिवस करणार? लातूरचं घर विकू, तू इकडे ये. गिऱ्हाईक रविवारपर्यंतच थांबणार आहे."

हे जाऊन चौदा महिने झाले होते. "रविवारी सांगते," म्हणून मी फोन ठेवला. म्हटलं, तोवर रुखमाबाईंकडे जाऊन यावं. यांची पहिली नोकरी किनवटच्या जंगलातल्या आश्रमशाळेवर, तिथं रुखमाबाई स्वयंपाक करायच्या. आता त्या तिथल्याच गावात एकट्या राहतात. चार शेळ्या, थोडं रान आणि जंगल. बाजारातून मीठ, तेल, काडेपेटी.

लातूरहून सकाळची एसटी धरा, बायांना अर्धं तिकीट. लोह्याला गाडी थांबली तर शेंगा घ्या. नांदेडहून पुढं रेल्वे बरी, भोकर सुटलं की हळूहळू सागवान दिसू लागतो. किनवटहून जीप भरल्याशिवाय निघत नाही, तेव्हा सबुरी सोबत ठेवा.

पोचल्यावर दुसऱ्या दिवशी रुखमाबाईंनी मला जंगलात कंदाचा वेल दाखवला, हातात पहार दिली आणि त्या शेळ्यांकडे गेल्या. तासभर खणून मी हातभर कंद काढला आणि मिरवत घरी आणला.

"डोकं पुरलं का?" त्यांनी विचारलं.

"कशाचं? सगळा आणलाय. जरासुद्धा सोडला नाही."

"अवं मास्तरीणबाई, मंग पुढच्या साली काय खड्डा खाता?" वेलाकडचा चार बोटं तुकडा कापून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "हे डोकं. तिथंच पुरायचं असतंय, मंग परत वेल फुटतो. जावा."

"एकटी? अस्वलं आहेत म्हणता ना?"

"हाव. मोठ्यानं बोलत जावा, आवाजानं दूर जातंय ते. अन् तुमी तर लई बोलता."

मोठ्यानं काय बोलायचं? मी यांच्याशीच बोलायला लागले. मुलाचं, घराचं, चौदा महिन्यांचं. ओढ्यापाशी दोनदा वाट चुकले. मग उकरलेली ताजी माती दिसली. तुकडा पुरला, पायानं माती दाबली आणि तिथंच बसून पोटभर रडले.

संध्याकाळी निखाऱ्यात भाजलेला कंद, मीठ-मिरची आणि भाकर.

"मास्तर काई बोलले का?" रुखमाबाईंनी हळूच विचारलं.

"तुम्ही ऐकलं?"

"शेळ्या घेऊन मागंच होते की मी. एकटीला कशी सोडीन?"

"नाही बोलले."

"मंग आता तुमालाच ठरवावं लागतंय."

खरं सांगते, जंगलावर जगणं मला जमायचं नाही. गुडघे तयार नाहीत, आणि रुखमाबाईंच्या घरीही रेशनचा तांदूळ असतोच. पण चुकलेली वाट एकटीलाही परत सापडते, हे मला या वयात कळलं. शनिवारी लातूरला पोचले. दुसऱ्या दिवशी मुलाला फोन केला आणि सांगितलं, घर विकायचं नाही, मी इथंच राहते.