इटालियन गाडीच्या छतातला दिवा

हा प्रसंग मी आजवर दोन-तीनदा तोंडी सांगितला आणि दर वेळी ऐकणाऱ्यानं शेवटी "देवानं वाचवलं तुम्हाला" असंच म्हटलं. माझं डोकं तिथेच फिरतं. म्हणून लिहून काढतोय, निदान पूर्ण वाचून तरी कुणी बोलेल. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. उभा जन्म हिशेबखात्यात गेला. व्हाउचर नसलेला खर्च मी कधी पास केला नाही... आणि या एका प्रकाराला व्हाउचर नाही.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. बदली होऊन मी, पत्नी सुनंदा आणि आठ वर्षांची मुक्ता मिरजेहून चंदीगडला आलो होतो. पंजाबात तेव्हा दहशतवाद पेटलेला, रस्त्यांवर जागोजागी तपासणीचे नाके. ते दिवस ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना एक नियम सांगतो. अंधार पडल्यावर नाका दिसला की हेडलाइट बंद करायचे, गाडीच्या आतला दिवा लावायचा आणि अगदी हळू पुढे जायचं. आत कोण बसलंय ते वाळूच्या पोत्यांमागच्या जवानाला दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर तो विचारत बसेलच याची खात्री नसे.

अशा दिवसांत मी एक जुनी इटालियन स्पोर्ट्स सलून गाडी घेतली. हौस, दुसरं काय. बाहेरून चार दारांची घरगुती गाडी, पण आत सोळाशे सीसीचं इंजिन, दोन कॅमशाफ्ट, पाच गिअर. सेक्टर आठमधल्या ग्रेवालसाहेबांच्या गॅरेजमध्ये ती ताडपत्रीखाली उभी होती. ते निवृत्त इंजिनिअर, मोजकं बोलणारे. "जगह खाली करनी है," एवढंच कारण त्यांनी दिलं. छतात दिव्याच्या जागी चौकोनी भोक आणि दोन तुटक्या वायरी होत्या. विचारलं तर म्हणाले, "टूट गई थी।"

शहराच्या कडेला मनीमाजऱ्यात बन्सीलाल मिस्त्रीकडे काम काढलं. डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर आला, ब्रेक नवे बसले, दोन्ही कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवून घेतले. वायरिंग तर मी स्वतः आकृती काढून नव्यानं टाकलं. जुना रंग खरवडताना मागच्या दाराजवळ शिसं भरून बुजवलेली तीन भोकं निघाली. मी कॅलिपर लावून पाहिलं. तिन्ही एकाच मापाची. गंज असा मापात खात नाही.

"जंग ही होगा जी, पुरानी गड्डी है," असं म्हणून मिस्त्री चहा सांगायला निघून गेला.

छताला पांढरं रेक्झिन लावलं. दिवा मात्र मूळचाच हवा हा माझा हट्ट, आणि तो इटलीहून यायचा होता. तोवर भोक रेक्झिनखाली झाकलं. त्या दोन वायरी फ्यूजपासून कापून, टोकांना टेप गुंडाळून ठेवल्या. नाक्यापुरता सुनंदाच्या मांडीवर टॉर्च असायचा.

"अहो, साधा बल्ब लावायला इटलीची परवानगी लागते का?" ती म्हणायची. "गाडी आहे की प्रदर्शन?"

त्या हिवाळ्यात जवळच्या खरड गावी एका सहकाऱ्याकडे बारसं होतं. उजेडात परतायचं ठरवून निघालो, पण वाटेत धुकं उतरलं. पुढचं काही दिसेना. वळणानंतर एकदम ड्रम आणि त्यांवर आडवा ओंडका... मी ब्रेक दाबला. नवे ब्रेक, गाडी जागच्या जागी थांबली. सुनंदाच्या मांडीवरचा टॉर्च उडून सीटखाली गेला.

मी हेडलाइट बंद केले. आत काळोख.

"अंदर दी बत्ती," पोत्यांमागून आवाज आला.

सुनंदा वाकून चाचपडत होती. "सापडत नाहीये... अहो, सापडत नाहीये."

"बत्ती जला ओए." आणि त्यापाठोपाठ बंदुकीचा बोल्ट मागे ओढल्याचा आवाज. तो आवाज एकदा ऐकला की पुन्हा ओळखावा लागत नाही. काच खाली करायला हात काढावा, तर अंधारातली ती हालचाल त्याला काय वाटेल?

...आणि दिवा लागला.

छतातून. पिवळसर, स्थिर, जुन्या बल्बचा असतो तसा उजेड. मला माझे स्टिअरिंगवरचे हात दिसले, सुनंदाच्या बांगड्या दिसल्या, मागे मुक्ताची लाल टोपी दिसली. जवान जवळ आला, आत डोकावला. विशी-बाविशीचा असेल. त्याचाही चेहरा घाबरलेला होता.

"बच्ची साथ में है और बत्ती इतनी देर से जलाते हो?"

ओंडका बाजूला झाला. नाका ओलांडला आणि दिवा आपोआप विझला.

मागून मुक्तानं विचारलं, "पापा, लाइट किसने ऑन की?" इथल्या शाळेत जायला लागल्यापासून घरातही ती हिंदीतच उत्तर द्यायची. तिनं सीटवर उभं राहून छताला हात लावला. "यहाँ गरम है।"

दुसऱ्या दिवशी मी नवं रेक्झिन स्वतःच्या हातानं फाडलं. आत तेच भोक, त्याच दोन वायरी, टेप जसाच्या तसा. मीटर लावला, शून्य व्होल्ट. तडक मनीमाजरा गाठलं आणि त्या तीन भोकांवर बोट ठेवून बन्सीलालला म्हणालो, "अब बोल, ये क्या है?"

तेव्हा तो बोलला. ग्रेवालसाहेबांचा मुलगा जस्सी याच गाडीतून येत होता. नाक्यावर आतला दिवा लागला नाही. बल्ब गेलेला होता.

"इतने महीने मेरे साथ बैठकर चाय पी," मी म्हणालो, "और एक बार नहीं बताया?"

"बता देता तो आप लेते, साहब जी?"

मी थप्पड मारली नाही एवढंच. माझ्या बायकोला, पोरीला मी त्या गाडीत बसवत होतो, आणि दोन माणसांना हे ठाऊक असताना दोघंही गप्प. तसाच ग्रेवालांच्या फाटकावर गेलो आणि रात्रीच्या नाक्यापासून सगळं उभ्या उभ्या सुनावलं. खोटं बोललात, फसवलंत, तुम्हालाही मुलगा होता ना... हेसुद्धा म्हणालो. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं,

"बत्ती जली?"

"जली।"

"वो बत्ती मैंने अपने हाथों से उखाड़ी थी।" त्यांचा आवाज चढत गेला. "मेरा पुत्तर गाड़ी रोककर बैठा था। न्यूट्रल में, हैंडब्रेक खींचकर। और उन्होंने रिपोर्ट में लिखा, रुका नहीं। तेरे लिए जल गई? बिना तार के जल गई? तो उस दिन क्यों नहीं जली? बता मुझे।"

माझा राग घेऊन गेलो होतो आणि त्यांचा घेऊन परत आलो. तो अजून माझ्याकडेच आहे. कुणी 'देवाची कृपा' म्हणालं की मला तोच प्रश्न त्याच्या तोंडावर फेकावासा वाटतो. वायरिंगची आकृती मी पुन्हा पुन्हा तपासली, एका इलेक्ट्रिकल इंजिनिअरलाही दाखवली. त्यालाही तीत खोट सापडली नाही. दिवा पुन्हा कधी आपला आपण लागलाही नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी इटलीहून मूळचा दिवा आला. बसवला, वायरी जोडल्या, आणि एका सकाळी गाडी सेक्टर आठला नेली. का नेली, सांगता येत नाही. ग्रेवालसाहेब बाहेर आले, काही न विचारता ड्रायव्हरच्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं. बटण दाबलं. दिवा लागला. बंद केला. पुन्हा लावला. पुन्हा... पुन्हा. मग लावून ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसून राहिले. इंजिन बंद होतं, बॅटरी जुनी नि आधीच कमजोर, ती उतरणार हे मला दिसत होतं. मी फाटकापाशीच उभा राहिलो. दुपार कलली, उजेड मंद होत होत विझला, तेव्हा ते उतरले.

गाडी ढकलून सुरू करावी लागली. मी स्टिअरिंगवर होतो, ते मागून ढकलत होते.