आकड्यांत अडकलेला आवाज

“आधी नक्कल, मग अक्कल,” असं म्हणत बाई कीबोर्डवरून दोन्ही हात उचलायच्या. फाईलची कॉपी निघाल्याशिवाय ते हात खाली यायचे नाहीत. श्रीरामपूरच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर शिकवायचे. या घोषवाक्याची आम्ही यथेच्छ टिंगल करायचो, आणि टिंगलीत त्याच पुढे असायच्या.

माझी आई गेली तेव्हा तिचं एकच गाणं माझ्याकडे उरलं होतं. माझ्या हळदीला तिने म्हटलेलं, जुन्या मोबाईलमध्ये. तो मोबाईल बिघडला. दुरुस्तीवाल्याने त्यातल्या मेमरी कार्डातून जे काढून दिलं ते गाणं नव्हतंच. नुसता हेक्साडेसिमल मजकूर. शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांच्या जोड्या, पानंच्या पानं. वर कार्डही पुसून टाकलेलं. मी क्लासमध्येच रडायला लागले.

“रडतीस कशाला? आकडे हायेत ना? मग आवाज बी त्यातच हाय.”

बाईंनी कॉपी काढली, मजकुराचे तुकडे टेक्स्ट एडिटरमध्ये एकाखाली एक जोडले आणि त्याची बायनरी, म्हणजे मशीनला वाजवता येईल अशी, फाईल करायला घेतली. एडिटर अडून बसला. मग त्या जोड्यांत न बसणारं काही आहे का, ते बाईंनी एडिटरलाच शोधायला लावलं. दुरुस्तीवाल्याने प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर भक्तिभावाने ‘श्री’ लिहिला होता! कागद असो की फाईल, श्री लिहिल्याशिवाय आपला हात काही राहत नाही.

मला रडता रडता हसू फुटलं. बाई दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. त्यांनी एकेक श्री अलगद कापून दुसऱ्या फाईलमध्ये ठेवला आणि तिला नाव दिलं ‘देवघर’.

“कुनाचा का असंना, देव डिलीट न्हाई करायचा.”

फाईल तयार झाल्यावर त्यांनी हेडफोन माझ्या कानांना लावला. “तुझी आई हाय. तूच ऐक आधी,” म्हणाल्या आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आई गात होती. मध्येच थांबून, पोरीच्या डोळ्यात हळद जाईल म्हणून कुणाला तरी दटावत होती. बाईंचे हे उपकार माझ्याने फिटणारे नाहीत.

मागच्या वर्षी बाई गेल्या. नंतर कर्जतला दिलेल्या त्यांच्या लेकीचा फोन आला. “ताई, आईचा आवाज हाय का वो तुमच्याकडं कुठं?”

सगळा मोबाईल धुंडाळला. एक व्हॉइस मेसेज मिळाला: “आज डबा आनू नको गं, तुझ्यासाठी मेथीची भाजी केलीय.” लेकीला फोन लावून तो तिला ऐकवला.

“अजून एकदा लावा की, ताई,” ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मीही फोन ठेवला नाही.