मुख्य वक्त्या मोहित्यांच्या गोठ्यात

आमच्या घराण्यात आजवर म्हैस हरवली आहे, चपला तर दर लग्नात हरवतात. पण अख्खी शास्त्रज्ञ हरवण्याचा मान माझ्याकडे आला.

त्याचं असं झालं. आमची ऋतुजा पक्ष्यांवर संशोधन करते. (कोल्हापुरात, शाहूपुरीत माझं मोटारपंपांचं दुकान आहे. मुलगी डॉक्टर होणार, असं मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं. ती होतेच आहे. फक्त औषध देणार नाही!) या पक्षीअभ्यासकांची दरवर्षी एक परिषद भरते. कुठं? तर मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात. गेल्या वर्षी ऋतुजाचा निबंध तिथं निवडला गेला. पण परिषदेची फी, विमानाचं तिकीट आणि खोलीचं भाडं ऐकून आमच्या घरात कुणाला घास गिळेना. पोरगी गेली नाही. निबंध होता उसातल्या पक्ष्यांवर, आणि त्या हॉटेलात ऊस पोचला तो फक्त साखरेच्या पुडीतून. मला फार वाईट वाटलं.

ऋतुजाला वाईट वाटून संपल्यावर राग आला. तिनं परिषदेच्या मंडळींना ऑनलाइन बैठकीत गाठलं.

"पक्षी परदेशातनं सोताच्या पंखांनी येत्यात, आणि त्यांची काळजी करणारे आपण विमानानं जायचं? पुढची परिषद आमच्या कसबा बावड्यात घ्या. रेल्वेनं न्हायतर एसटीनं यायचं, लोकांच्या घरात ऱ्हायचं, घरचं खायचं. आणि ज्याला पक्षी आवडतो त्यानं यायचं, मग तो शेतकरी असू दे न्हायतर कंडक्टर!"

मंडळींत एक ज्येष्ठ सर होते. त्यांना ही कल्पना लग्नाच्या वऱ्हाडासारखी वाटली. "एकदा करून बघू," ते म्हणाले. "पण वेळापत्रक कोलमडलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा हॉटेल." म्हणजे पुन्हा ऋतुजा आणि तिच्यासारखी पोरं दाराबाहेर. सगळं आता आमच्या बावड्याच्या वक्तशीरपणावर येऊन ठेपलं होतं. (हे वाक्य वाचून बावड्यातली माणसं हसत असतील. हसू द्या.)

परिषदेच्या आदल्या दिवशी ऋतुजानं मला समोर बसवलं.

"पप्पा, तुमाला एकच काम. आसामच्या बरुआ मॅडम आपल्यात ऱ्हाणार. पयलं भाषण त्यांचं. धा वाजता त्यांना शाळेच्या हॉलात आणायचं."

"एवढंच?" मला अपमान वाटला. "मी पेठ वडगावला ट्रॉली भरून पंप पोचवतो, आणि एक बाई पुढच्या गल्लीत पोचवता येणार न्हाय व्हय?"

"पंपाला वाटंत कोण च्या विचारत न्हाय," आमची सुमन आतून म्हणाली.

बायको बोलते त्यातलं बरंचसं खरं असतं. ते कळतं मात्र उशिरा.

बरुआ मॅडम थेट आसामहून रेल्वेनं आल्या. माझ्याच वयाच्या, गळ्यात दुर्बीण, खांद्याला कापडी पिशवी, चेहऱ्यावर कायम हसू. कुणालाही नाही म्हणायचं नाही, असा स्वभाव. सकाळी सुमन म्हणाली, "रिक्षा बोलवा." मी म्हटलं, "छ्या! धूर! परिषद कशाची हाय?" आणि आम्ही चालत निघालो. पर्यावरणाचा एवढा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता, नंतरही केलेला नाही.

पहिल्याच कट्ट्यावर आप्पा बसले होते. आप्पा साखर कारखान्यातून निवृत्त झालेत, आणि तेव्हापासून गल्लीतून कोण जातं ते बघणं ही त्यांची नोकरी.

"काय ओ, पावणं कुठलं म्हणायचं?"

"आसामच्या हायत. लई मोठ्या शास्त्रज्ञ."

"आसाम! म्हंजे च्याच्या मुलखातल्या! मग आमचा च्या घेतल्याबिगर कशा जातील?"

"आप्पा, उशीर..."

"म्हंजे आमचा च्या कमी दर्जाचा व्हय?"

घेतला चहा. तो घेताना समोरच्या खिडकीतून पाटीलकाकू बघत होत्या, ही माझी पहिली चूक. "आप्पांच्यात च्या, आणि आमी काय वाटंवरचा दगुड हाय व्हय?" झालं! पोहे आले. पोह्यांच्या वासानं शेजारचे शिवादादा आले, आणि त्यांच्यामागून तांब्याभर धारोष्ण दूध आलं, वर हा एवढा फेस. मी माझ्या अस्सल कोल्हापुरी हिंदीत मॅडमना परिस्थिती सांगितली.

"मॅडम, थोडा पी लो. नहीं तो ये रुसेंगे."

"रुसेंगे, माने?"

"मतलब, मेरे मयत को भी नहीं आयेंगे."

मॅडम घाबरून सगळं दूध प्यायल्या. त्यांना पांढरी मिशी आली. मग काकूंना आठवलं, की बाई पहिल्यांदाच घरी आली आहे, ओटी भरायला हवी! नारळ शोधण्यापासून सुरुवात झाली. तेवढ्यात फोन वाजला.

"पप्पा, कुठं हाय?"

"हे काय, शाळंच्या दारात!" (मी काकूंच्या दारात होतो. हातात पोह्यांची दुसरी बशी.)

"मी दारातच हुबी हाय! मला दिसंना का मग?"

"ऊन लई हाय ना."

हे उत्तर माझं मलाच पटलं नाही. फोन ठेवून मागं वळलो, तर खुर्चीवर नुसता नारळ आणि खण! मॅडम नाहीत.

"काकू, बाई कुठायत?"

"आत्ता हुत्या की! जाधवांच्या वैनींनी न्हेल्या."

जाधवांकडे गेलो. "सरबत पिऊन गेल्या की, मागच्या गल्लीत." मागच्या गल्लीत गेलो. "कुरडया बघायला गच्चीवर आलत्या, उतरल्या." प्रत्येक घरात बाईंच्या जाण्याची खबर होती, फक्त बाई नव्हत्या! मी धावू लागलो. माझं वजन बघता गल्लीतली कुत्रीही मागं लागली नाहीत, बाजूला झाली. फोन वाजत होता, मी उचलत नव्हतो. डोळ्यांसमोर रिकामं व्यासपीठ दिसत होतं, पहिल्या रांगेत घड्याळाकडे बघणारे सर दिसत होते आणि ऋतुजाचा चेहरा दिसत होता. शेवटी उसाच्या कडेला मोहित्यांच्या गोठ्यापाशी पोचलो. तिथं अंगण भरून बायका उभ्या होत्या, आणि एकही बोलत नव्हती!

बावड्यातल्या एवढ्या बायका गप्प म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर घडलं. चहा, पोहे, दूध, सरबत... आसामचा जीव, सोसलं नसणार!

"काय झालं ओ?" मी ओरडलो.

"श्श्श!" सगळ्या बायका एकदम वळल्या. मोहितेवहिनी पुढं झाल्या. "हळू! पिल्ली हायत."

आत मॅडम घोटाभर शेणात उभ्या, मान वर. माळ्यावर गव्हाणी घुबड, आणि त्याच्या मागं पांढऱ्या पिसांचे तीन गोळे. वहिनींना बरेच दिवस घोर लागला होता: घरात घुबड बसलं की वाईट म्हणतात, मग हाकलायचं का? मोहित्यांनी तर धूर करायला शेणी काढून ठेवल्या होत्या. तेवढ्यात गल्लीत पक्ष्यांची शास्त्रज्ञ फिरतेय, ही बातमी आली, आणि त्यांनी बाईंना सरळ हाताला धरून आणलं.

"चूहा खाता है," मॅडम हळूच म्हणाल्या. "पूरा परिवार. रोज."

मोहित्यांनी हातातली काडेपेटी खिशात टाकली. "उंदीर खातंय? आन् माझा ऊस उंदरांनी पार कुरतडलाय! ऱ्हाऊ दे मग. पुढलं बाळंतपण बी हितंच!"

मला मात्र घाम फुटला होता. "मॅडम, भाषण! हॉल!"

"भाषण इसी पर तो है," त्या हसून म्हणाल्या.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला ऋतुजा दिसली. मागं सुमन, तिच्या मागं सर, आणि त्यांच्या मागं अख्खी परिषद! (आप्पांना विचारत विचारत आले होते. निवृत्त माणसाचा उपयोग होतो.) मी म्हशीमागं लपलो. म्हैस हलली.

ऋतुजानं माझ्याकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं, मग वर घुबडाकडं बघितलं. पोरीचा राग उतरताना मी पहिल्यांदाच पाहिला.

"सर," ती म्हणाली, "सगळी आल्यातच की. हितंच घेतो कार्यक्रम."

आणि झाला! मॅडम अंगणात उभ्या राहून बोलल्या, ऋतुजानं मराठीत सांगितलं. सर पेंडीच्या पोत्यावर बसले. गोठ्यातली पिल्लं बुजू नयेत म्हणून सगळ्यांनी कुजबुजायचं ठरलं, पण आप्पांची कुजबुज पेठ वडगावपर्यंत गेली असेल. पहिला प्रश्न मोहितेवहिनींनी विचारला, दुसरा एसटीच्या कंडक्टरनं. मग दोघादोघांनी दारातून घुबड बघून यायचं. सर बघून आले आणि पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी समारोपाला मी शाळेच्या हॉलात अगदी मागं, दाराजवळ बसलो. पळायला सोपं. सर उठले.

"वेळापत्रक कोलमडलं," ते म्हणाले. ऋतुजानं मान खाली घातली. मी दाराकडे सरकलो. "पण इतकी वर्षं मी घुबडाची चित्रं पडद्यावर बघत आलो. यंदा घुबड स्वतः हजर होतं, आणि ते ज्यांच्या घरात राहतं ती माणसंही. पुढच्या वर्षी हॉटेल नाही. घरोघरीच."

मी असा मोठ्यानं सुस्कारा सोडला, की पुढच्या रांगा मागं वळून बघायला लागल्या. ऋतुजा माझ्याकडे बघून हसली. छातीवरचा दगड उतरला म्हणतात ना, तसं झालं.

"फक्त एक अट," सरांनी माझ्याकडे बोट केलं. "पाहुणे पोचवायचं काम यांच्याकडे नको. चपला सांभाळायला द्या. त्या हरवल्या तर परिषद थांबत नाही."

सगळा हॉल हसला, मोहिते सगळ्यात जोरात. म्हटलं, हसा लेको! पोरीची परिषद टिकली, मला आणखी काय पाहिजे? नव्या जबाबदारीच्या अभिमानानं छाती काढून मी बाहेर आलो, आणि पायरीवर बघतो तर माझ्याच चपला नाहीत.