एक नंबरच्या खोलीतले मामा

स्वतःच्याच घराचं दार ठोठावून, क्षणभर थांबून, आतून कोणी ओ देत नाही याची खात्री करून मगच आत पाऊल टाकणारा माणूस विरारच्या उभ्या बोळिंजमध्ये एकच होता, आणि तो नेमका आमच्या सोसायटीत राहायला आला. आमच्या सी विंगच्या तळमजल्यावर एका ओळीत चार लहान खोल्या आहेत. बिल्डरने त्या दुकानांसाठी बांधल्या की वॉचमनसाठी, हे त्यालाही शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. त्या चारही खोल्या मुंबईच्या एका संस्थेने घेतल्या आणि वर्षानुवर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसांना तिथे राहायला आणलं. राहायला म्हणजे कायमचं. चार महिने ठेवून घ्यायचं आणि मग ‘आता तुमचं तुम्ही बघा’ म्हणायचं, असला प्रकार नाही. खोली त्या माणसाची, आणि औषधपाणी, कागदपत्रं, शेजाऱ्यांशी भांडणतंटा हे बघायला संस्थेच्या सिंथियाताई आठवड्यातून दोनदा येणार, अशी ती व्यवस्था. एक नंबरच्या खोलीत जे गृहस्थ आले त्यांना सगळे मामा म्हणत. त्यांचं खरं नाव सेक्रेटरी या नात्याने माझ्या रजिस्टरात होतं, पण त्या नावाने हाक मारली तर मामा मागे वळून दुसरं कोण आलंय ते बघत.

सेक्रेटरीबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण या हकिगतीत त्याचा हात आहे. मी एका सरकारी कार्यालयात बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळली. निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात सोसायटीचा सेक्रेटरी झालो, म्हणजे कार्यालय घरीच आणलं. मी जिन्यात कोणाला तोंडी काही सांगत नाही, नोटीस लावतो. वाळवण घालण्याबद्दल, कुत्र्यांना पोळी टाकण्याबद्दल, इतकंच काय, नोटिसा फाडू नयेत याबद्दलही माझी एक नोटीस आहे. या चार खोल्यांना विरोध करणारा अर्जही मीच लिहिला होता आणि पहिली सही माझीच होती. संस्था काही बधली नाही, तेव्हा निदान आपली एक अट तरी असावी म्हणून मी घालून ठेवली: या खोल्यांत माणसांचा कोणताही बदल करायचा झाल्यास कमिटीच्या सभेची आगाऊ मंजुरी लागेल. त्या वाक्याचा तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

मामांचा दिवस पहाटे सुरू होई. दुकानाचं शटर वर जायच्या आत उठायचं, अंथरूण गुंडाळायचं आणि झोपलो ती जागा झाडून द्यायची, म्हणजे मालक दुसऱ्या दिवशी हाकलत नाही, हे त्यांच्या अंगी अठरा वर्षांत मुरलेलं. आता शटरही नव्हतं आणि मालकही नव्हता, पण हात काही थांबत नव्हते. आधी खोली, मग दारासमोरची फरशी, मग जिना, मग पार्किंग, असं करत मामा थेट गेटपर्यंत झाडत जायचे. आठवड्याभरात आमची झाडूवाली माझ्या दारात येऊन उभी राहिली. “काका, हा माणूस माझी नोकरी खाणार. याला तरी आवरा, नाहीतर मला तरी सोडा.” शेवटी मी दोघांत लेखी समझोता घडवून आणला: पार्किंगच्या मागची बाजू मामांची, बाकी सगळं तिचं. मामांनी त्यावर लफ्फेदार सही ठोकली आणि कागदाची घडी घालून वरच्या खिशात ठेवली. संस्थेने त्यांना एक चांगली खाट दिली होती. त्या खाटेवर पातेली, परात आणि तवा झोपायचे, आणि मामा खाली फरशीवर, दाराला पाठ लावून. मी एकदा विचारलं, “खाटेवर झोप येत नाही का हो?” मामा म्हणाले, “येती की साहेब. गाढ येती. त्येच नको.”

बाजारात जाताना मामा आपलं सगळं सामान बरोबर नेत. दोन पिशव्या, एक सिमेंटची गोणी, सुतळीने बांधलेलं अंथरूण आणि हँडलला फडकं गुंडाळलेलं एक पातेलं. कोथिंबिरीची जुडी आणायला निघालेला हा माणूस काशीला निघाल्यासारखा दिसे. “मामा, अहो कुलूप आहे ना खोलीला?” मी म्हणायचो. “कुलूप दाराला हाय साहेब. सामानाला कुठं हाय?” पालिकेची गाडी येते, चादरीसकट उचलून नेते, आणि आत काय होतं ते पुन्हा कोणी विचारत नाही, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की माझ्या कुलपाचं त्यांना हसूच यायचं. एकदा त्या गाडीत त्यांच्या बायकोचा एकुलता एक फोटो गेला होता. हे मला त्यांनी नाही, सिंथियाताईंनी सांगितलं.

इमारतींबद्दल मात्र मामांशी बोलावं. आपण लोक इमारत बघतो ती लिफ्ट आणि पाणी बघून. मामा बघत ते फक्त छज्जे. नालासोपाऱ्यापासून वसईपर्यंत कुठल्या इमारतीचा छज्जा किती पुढे आलाय, वारा फिरला की पाऊस कुठून आत येतो, कुठे एसीचं पाणी नेमकं मानेवर पडतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. एव्हरशाईन सिटीतल्या एका इमारतीचं नाव काढलं की ते हातच जोडायचे. “दोन हात बाहेर आलाय साहेब. आडवा पाऊस बी शिवत न्हाई. बांधणाऱ्याला पुन्य लागंल.” मी उत्सुकतेने आमच्या इमारतीबद्दल विचारलं. मामांनी वर पाहिलं, मान तिरकी केली आणि मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाले, “ऱ्हायाला चांगली हाय.”

ते मूळचे देशावरचे. वसईजवळ सातिवलीत कारखान्याच्या एका गाळ्यात प्रेस मशीनवर होते. डाव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेली, मग काम गेलं, मग भाड्याची खोली गेली, आणि पावसाळा संपता संपता बायको तापाने गेली. हे ते याच क्रमाने आणि एकाच सुरात सांगायचे, जणू दुसऱ्याच कोणाचा अर्ज वाचून दाखवताहेत. मी संध्याकाळी त्यांच्या दारासमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसू लागलो ते कधीपासून, हे मला आता आठवत नाही. विरोधाच्या अर्जाबद्दल त्यांना मी कधी सांगितलं नाही. ते माझ्यासाठी कट्टा फडक्याने पुसून ठेवत आणि मला त्याची लाज वाटे.

आठव्या महिन्यात एक गोष्ट घडली. मामा बाजारात गेले आणि एक पिशवी घरात ठेवून गेले. फक्त एक. सिंथियाताई त्या दिवशी आल्या होत्या. त्यांनी खिडकीतून ती पिशवी पाहिली आणि मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा बाई जशी धावत सांगायला येते तशा माझ्याकडे आल्या. ताई वसईतल्याच एका बागायतदार घरातल्या, एरवी फार मोजकं बोलणाऱ्या. “साहेब, आता टिकतील मामा,” त्या म्हणाल्या. “मला एवढीच धास्ती होती. खोली देता येते हो, ती आपली आहे असं वाटायला लावता येत नाही. ते ज्याचं त्यालाच वाटावं लागतं.”

आणि त्याच महिन्यात पावसाळ्यापूर्वीची दुरुस्ती निघाली. सी विंगला परांची बांधायची होती. मी नोटीस काढली: ‘सर्व रहिवाशांनी दारासमोरील व गॅलरीतील सामान तीन दिवसांत हटवावे, अन्यथा ते जप्त करण्यात येईल.’ खाली गोल शिक्का मारला आणि झाडून सगळ्या दारांवर चिकटवली. चिकटवताना एक नंबरचं दार आलं तेव्हा माझा हात थबकला असता तर बरं झालं असतं, पण नाही थबकला. मी तर कागद सरळ लागला की नाही तेवढंच पाहिलं.

रिवाजाप्रमाणे ती नोटीस कोणीही पाळली नाही. तिसऱ्या मजल्यावरचं चपलांचं कपाट आजही जागचं हललेलं नाही. फक्त एका माणसाने पाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराच्या कडीला एक किल्ली बांधलेली सापडली, वर्तमानपत्राच्या कागदात नीट गुंडाळून. मामांची खोली धुऊन काढलेली होती. खाटेवर भांडी नव्हती. शेजारच्या दोन नंबरमधल्या मावशी मिठागराकडच्या, त्यांनाही रस्त्यावरूनच आणलेलं. त्या दारात बसून होत्या. “गेला तो,” त्या म्हणाल्या. “माझं पानी भरून ठेवलंन नि गेला. मी इचारलं तर म्हणतो, कागद लागलाय.” मला वाटलं, गावी गेले असतील. खोटं कशाला सांगू, माझी नोटीस शब्दशः पाळणारा एक तरी निघाला म्हणून मनातून मी जरासा खूषही झालो होतो.

गुरुवारी सिंथियाताई आल्या. एक नंबरच्या दारासमोर उभ्या राहून त्यांनी नोटीस सावकाश वाचली.

“हे तुम्ही त्यांच्या दारावर लावलंत?”

“सगळ्यांच्याच दारावर लावलं. ते दारासमोरच्या सामानाबद्दल आहे.”

“मामांनी मजकूर वाचलाच नसणार. शिक्क्याचा कागद आणि तीन दिवस. सगळ्यांच्या मागे गाडी आलेली नसते, साहेब.”

दहा दिवस आम्ही शोधत होतो. शेवटी ते सातिवलीत सापडले, एका बंद गाळ्याच्या पत्र्याखाली, सगळं सामान भोवती रचून. मला बघून ते घाईने उठले आणि बसायला पुठ्ठा झटकून दिला. मी हात जोडले, काय झालं ते सांगितलं, चूक माझी म्हणालो. तर मामाच माझी समजूत घालू लागले. “तुमचं काय चुकलं, शेक्रेटरी साहेब? तुमी तीन दिवस दिले. कुनी एवढं देत न्हाई.”

“मग चला ना परत. खोली तुमचीच आहे.”

मामांनी नकारार्थी मान हलवली. “उठवल्या जागी परत बसायचं नसतं. आमचा नेम हाय तो. पयल्या येळी कागद येतो, दुसऱ्या येळी काठी.”

त्यांना कोणी उठवलं नव्हतं हे मी पुन्हापुन्हा सांगितलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं, पण नेम तो नेम. तेव्हा सिंथियाताईंना सुचलं. चार नंबरमधले गृहस्थ एक नंबरमध्ये यायला तयार झाले, तर मामांनी चार नंबरमध्ये यावं. ती जागा निराळी, तिथून त्यांना कोणी उठवलेलं नाही. मामांनी बोटांवर खोल्या मोजल्या. मग म्हणाले, “चार नंबर म्हंजे कोपऱ्यावरची. तिथं वारं हाय.” आणि थोड्या वेळाने, “कागद झाला की सांगा. कागदाबिगर नको.”

चार नंबरवाले एका शब्दात तयार झाले. संस्थाही तयार झाली. राहिली फक्त माझी अट: माणसांचा बदल, सभेची आगाऊ मंजुरी. मी सभा बोलावली. सात दिवसांची आगाऊ सूचना द्यावी लागते, ती दिली. तेरा जणांची कमिटी, आले चौघे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब. पुन्हा सात दिवस. दुसऱ्या सभेला एकाने मुद्दा काढला की परत न येणाऱ्या माणसासाठी एवढा खटाटोप कशाला, आणि विषय पुढे ढकलला गेला. अध्यक्ष गावी गेले होते. मधल्या काळात पाऊस सुरू झाला होता, तो चांगला दणकून पडत होता. मी सिंथियाताईंना म्हणायचो, “होतंय, होतंय, नियमाने होऊ द्या.” मी एकट्याने सही केली असती तर जगात कोणी काही म्हणालं नसतं. मला ते ठाऊक होतं. पण बत्तीस वर्षांत मी कधी मंजुरीविना सही केली नव्हती, आणि तेव्हाही केली नाही.

तिसऱ्या सभेच्या आदल्या दिवशी सकाळी एका सरकारी रुग्णालयातून फोन आला. गाळ्यातल्या कामगारांनी मामांना रिक्षात घालून तिथे आणलं होतं. छातीत कफ भरला होता, ताप होता, दोन दिवस तिथे होते आणि त्या पहाटे गेले. सिंथियाताई मुंबईला होत्या, मी एकटाच गेलो. टेबलामागचा कारकून तरुण होता, सभ्य होता. नातेवाईक कोणी आहे का, त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. मग राहत्या जागेचं सोसायटीचं पत्र द्यावं लागेल, तो म्हणाला, नाहीतर बेवारस म्हणून पुढे पाठवावं लागतं. “पत्ता तुमच्याकडचाच दिलाय त्यांनी,” असं म्हणत त्याने केसपेपर माझ्याकडे फिरवला. “येताना शुद्धीवर होते. स्वतः सांगितलाय.”

पत्त्याच्या ओळीत आमच्या सोसायटीचं नाव होतं, बोळिंज, विरार पश्चिम, सी विंग. आणि पुढे, खोली क्रमांक चार.

“इथेच राहत होते ना?” त्याने विचारलं.

मी हो म्हणालो. त्याच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि तिथेच उभ्याने लिहून दिलं की सदर गृहस्थ आमच्या इमारतीत सी विंगमधील खोली क्रमांक चारमध्ये राहतात. खाली सही केली. सभा नाही, मंजुरी नाही. लिहायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.